मोठ्यानं वाच, बाई

मी बाजारात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडीसुद्धा भाव केल्याशिवाय घेत नाही. साडीच्या दुकानातून तीन-तीनदा पायरी उतरते आणि तीन-तीनदा हाक मारून परत बोलावली जाते. माझ्या स्वतःच्या लग्नात बँडवाल्याचा दर शेवटी मीच ठरवला होता, हळद लागलेल्या हातांनी. अशा बाईला घरमालक मिळाला तो भाव न करणारा.

महागावात गाळा पाहायला गेले तेव्हा ते जिन्याच्या तोंडाशी उभे होते. मे महिना, तरी पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, दोन्ही हात पाठीमागे. मी भाडं विचारलं. त्यांनी आकडा सांगितला. मी रिवाजाप्रमाणे निम्मा सांगितला. ते काहीच बोलले नाहीत. मी थोडी वर चढले. तरी काही नाही. आणखी चढले. शेवटी म्हटलं, "काकाजी, तुमी बी काही खाली या न. मी एकटीच चढून राह्यली."

"सांगितलं तेच आहे, बाई. वर नाही, खाली नाही. आणि तीन अटी आहेत. जिन्यात काही ठेवायचं नाही. बाहेरचा बाक हलवायचा नाही, बोटभरसुद्धा नाही. आणि माझ्याकडे येताना कोण आलं ते बोलत यायचं."

"काहून? मी काय चोर हाय?"

"मुकं माणूस मला आवडत नाही."

मी पायरी उतरले. हाक आली नाही. बस स्टँडपर्यंत गेले, तिथे एक चहा घेतला, रागाने दुसरा घेतला, आणि परत आले. ते तसेच उभे. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "आलीस? चप्पल बदल, बाई. डाव्या पायाची फाटली आहे, फटफट वाजते." सांगितलेल्या भावात मी आयुष्यात घेतलेली ती पहिली वस्तू. काटा तेव्हाच रुतला होता. पण माझी खरी तक्रार ती नाही. खरी तक्रार लॅपटॉपची आहे, आणि ती मी बरेच दिवस जपून ठेवली.

मी तांड्यावरची. आमच्या मागच्या पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य अन् मीठ लादून मुलुखभर फिरल्या. आज्याच्या काळापासून आम्ही शेतीत. आश्रमशाळेतून दहावी केली, मग यवतमाळला लोहाऱ्याच्या कारखान्यांपैकी एकात खोकी भरली, मग एका झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिले, आणि तिथून शिकून इथे स्वतःचं ऑनलाइन सेंटर टाकलं. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, सगळे फॉर्म एका टेबलावर. टेबलावर काय होतं? एक जुना लॅपटॉप, एक प्रिंटर, आणि माझी एक युक्ती.

युक्ती अशी. एकदा आलेल्या माणसाचे सगळे कागद मी स्कॅन करून ठेवायची. प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर, आणि सगळे फोल्डर एका मोठ्या फोल्डरात: 'लोकांचे कागद'. पुढच्या खेपेला त्याने हात हलवत यायचं. समोर एकाने तीन नवे कंप्यूटर मांडून एसी लावला, तरी माझी माणसं हलली नाहीत. त्याच्याकडे गारवा होता, माझ्याकडे त्यांचे कागद.

काकाजींना ते पटत नव्हतं. "लोकांची पेटी तुझ्याकडे कशाला?" म्हणायचे. मी म्हणायची, "पेटी नाई जी, पेटीचा फोटो."

ते एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरात तीन पिढ्या लेखणीच्याच. नोकरीत असताना टायपिंगच्या परीक्षांना परीक्षक म्हणूनही जायचे, आणि तो परीक्षक काही त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता. माझ्या की-बोर्डचा आवाज वर जायचा आणि ते जिन्यातून विचारायचे, "बाई, बॅकस्पेस फार वाजून राहिलं आज. घरी भांडून आलीस का?" भांडूनच आलेली असायची. जिना उतरताना ते ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजायचे, चौदा. वर्षानुवर्षं त्याच चौदा. मला वाटायचं, कारकुनाला मोजल्याशिवाय चैन पडत नसेल. स्वतःच्या लॅपटॉपला त्यांनी टाइपरायटरसारखी खोळ शिवून घेतली होती, जुन्या चादरीची, नाडी लावलेली. काम संपलं की खोळ चढवायची, नाडी बांधायची, गाठ चाचपून बघायची.

आणि त्यांना लिनक्सचं वेड होतं.

ते वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. कचेरीत नवे कंप्यूटर आले, आणि जुन्या प्रोग्राममध्ये सोळा वर्षं टाइप केलेलं त्या नव्या मशीनवर उघडेना. प्रोग्राम विकणारी कंपनी बंद पडलेली. "माझंच लिहिलेलं, माझ्याच समोर, आणि कुलूप दुसऱ्याचं," हे सांगताना त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. निवृत्त झाल्यावर ते या दुसऱ्या वाटेला लागले. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच लॅपटॉप चालवणारी सिस्टीम, पण जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली. कोणीही घ्यावी, उघडून बघावी, दुरुस्त करावी, शेजाऱ्याला द्यावी. म्हाताऱ्या लॅपटॉपवरही ती पळते. तालुक्यातले टाकून द्यायला काढलेले लॅपटॉप काकाजींच्या बाकावर येऊ लागले.

पण करून देतील तर ते काकाजी कसले! हात पाठीमागे घेऊन स्वतः बाकाच्या टोकाला बसायचे आणि लॅपटॉपच्या मालकालाच कामाला लावायचे. "हात तुझे, डोळे तुझे. स्क्रीनवर येईल ते मोठ्यानं वाच. मी हो म्हटल्याशिवाय काही दाबू नको." त्याच्या आधी यादी. लॅपटॉपमध्ये काय काय आहे ते कागदावर स्वतःच्या हाताने लिहायचं, आणि तेवढं सगळं दुसरीकडे ठेवलं आहे असं तोंडाने कबूल करायचं. मगच लिनक्सचा पेनड्राइव्ह मिळायचा.

बाजार समितीतला एक सोयाबीनचा अडत्या पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. "काकाजी, तुमी करून ठेवा. संध्याकाळी माणूस धाडतो."

"माणूस नको. तू बस."

अडत्या बसला. माझी सगळी गिऱ्हाइकं बघताहेत, आणि हा वाचतोय, "आपला... की-बोर्ड... निवडा..."

"मोठ्यानं."

"निवडा!"

"लिलावात बोलतोस तसं बोल. तिथं तर शेतकऱ्याच्या कानठळ्या बसवतोस."

बाक हसून हसून हलला. अडत्या घामाघूम होऊन उठला. पण त्यानंतर लॅपटॉप अडला तर तो स्वतःच सोडवतो, आणि वर आपल्या दिवाणजीला दरडावतो, मोठ्यानं वाच म्हणून.

काकाजींचं एक ठरलेलं वाक्य होतं: "मशीन खोटं बोलत नाही. आपण वाचत नाही." मला ते वाक्य तेव्हा आवडायचं.

मग माझी पाळी आली. पीक विम्याची मुदत तोंडावर, आणि माझा लॅपटॉप उघडायला पंधरा मिनिटं घेऊ लागला. माणसं बाकावरून उठून समोर बघू लागली. नवी विंडोज टाकायला गेले तर हा लॅपटॉप तिला चालत नाही असं स्क्रीनवर आलं. यवतमाळचा दुकानदार फोनवर म्हणाला, "फेका ताई तो डबा, नवा घ्या." नवा घेण्यासारखी माझी स्थिती नव्हती. लॅपटॉप बंद म्हणजे सेंटर बंद, आणि सेंटर बंद म्हणजे पुन्हा लोहाऱ्याला खोकी भरणं. मला खोक्यांचा वास अजून स्वप्नात येतो.

"लिनक्स बसव," काकाजी म्हणाले.

"कितीले?"

"फुकट."

"फुकट? मंग खोट काय हाय त्यात?"

"काही खोट नाही."

"कोंबडी बी मी आधी हलवून पाह्यते."

"हलवून बघ. न बसवता नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवता येतं. पटलं तर घे."

चालवून बघितलं. पंधरा मिनिटं घेणारा माझा लॅपटॉप दोन मिनिटांत उघडला. मला उठून नाचावंसं वाटलं, पण माल आवडला तरी तोंडावर दाखवायचा नसतो. मी तोंड वाकडं केलं. "बरा हाय. पण किंमतच नाई त भाव कशाचा करू जी?"

ते त्या दिवशी चक्क हसले. "फुकट म्हणून नको घेऊ, बाई. कुलूप नाही म्हणून घे."

रविवारी सकाळी बसलो. मी यादी लिहिली. एक, गिऱ्हाइकांचे फोटो. दोन, कोरे फॉर्म. तीन, लोकांचे कागद.

"दुसरीकडे ठेवलं?"

"हो जी."

खोटं होतं. आदल्या दिवशी कॉपी लावली होती, गिऱ्हाईक आलं, मी मध्येच तोडली. फोटो उतरले होते, कागद राहिले होते. पण मी जुनं पुसणारच नव्हते. जुनी विंडोज ठेवायची आणि त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स बसवायचं, असा माझा बेत होता. आमच्याकडे लादणीच्या बैलाला दोन्ही बाजूंना गोण्या असायच्या. एक इकडे, एक तिकडे. बैल चालतो.

मी वाचत गेले, ते हो म्हणत गेले. मग डिस्कची वाटणी करायचा पडदा आला. मधोमध एक दांडा होता. माउसने इकडेतिकडे ओढायचा, जुन्याला किती, नव्याला किती.

"याले किती जागा देऊ?"

"पन्नास-साठ जीबी दे."

"दहात भागव म्हना त्याले."

"ते माझ्या हातात नाही. हवी तेवढी घासाघीस कर, पण मशीनशी कर."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून घासाघीस हा शब्द पहिल्यांदा निघाला होता. मी पदर खोचला. दांडा दहावर ओढला. तो पंचविसावर येऊन थांबला. परत ओढला, परत पंचवीस. फुकटात येऊन बसणारा पाहुणा, आणि पंचविसाच्या खाली उतरायला तयार नाही! वर नाही, खाली नाही. मला तो गाळ्याचा दिवस आठवला आणि माझं डोकं फिरलं.

मी मागच्या पडद्यावर गेले. तिथे दुसरा पर्याय होता: सगळी डिस्क पुसून टाका. मी तो दाबला.

मला पुसायचं नव्हतं. हे मी आजही कोणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगेन. मी पायरी उतरत होते. दुकानदार दहाला देत नसेल तर आपण म्हणतो, जाऊ दे, मला काहीच नको, आणि उठतो. मग तो हाक मारतो आणि पंधराला देतो. मशीननेही हाक मारली. पुढे जायचं का, असं काहीतरी विचारलं. बाजारात समोरचा "पक्कं का?" असं विचारतो तेव्हा जो डळमळला तो गेला. मी कधी डळमळले नाही. मी हो दाबलं आणि त्याच्या दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले.

दुसरी हाक आली नाही.

या सगळ्यात माझं मोठ्यानं वाचणं कधीच थांबलं होतं. काकाजींनी मध्ये विचारलं होतं, "वाचून राहिलीस ना?" मी म्हटलं होतं, "हो, हो." आता त्यांनी मान तिरपी केली. डिस्क कुरकुरत होती. "बाई, ही इतक्या लवकर लिहायला कशी लागली? शेजारी बसवायचं तर आधी बराच वेळ जागा सरकवत बसते. काय दाबलंस?"

मी सांगितलं. ते ओरडले, "बंद कर! बटण दाबून धर!" माझं बोट बटणापर्यंत पोचायलाच किती वेळ लागला कोण जाणे. त्यानंतर दोन दिवस त्यांनी मला एकेक ओळ वाचायला लावून पुसलेलं शोधलं. निघाले ते तुकडे. कोणाचा अर्धा सातबारा, कोणाच्या सहीचं शेपूट.

मी तिथेच बाकासमोर उभी राहून त्यांच्यावर तोंड सोडलं. रस्ता थांबून ऐकत होता. "तुमी इथंच बसेल होते! तुमच्या डोयासमोर झालं! हात मांगं बांधून पाहात बसले? थांबवलं काहून नाई?"

ते शांतपणे म्हणाले, "तू वाचलं नाहीस, बाई."

माझी तक्रार ती ही. घर जळत असताना जो माणूस शेजारी उभा राहून धडा कसा म्हटला ते तपासतो, त्याला काय म्हणावं?

अर्धवट राहिलेलं लिनक्स त्याच रात्री पुरं बसवलं आणि दुसऱ्या दिवशी मी सेंटर उघडलं. लॅपटॉप वाऱ्यासारखा चालत होता आणि आत काही नव्हतं. दारावर कागद चिकटवला: सगळ्यांनी आपले कागद परत आणावेत. लिहिताना मला पक्कं माहीत होतं, आता सगळे समोर जाणार. तिथे गारवा तरी आहे.

पहिली आली ती माझ्या याडीच्या, म्हणजे आईच्या, वयाची तांड्यावरची एक म्हातारी. डोक्यावर पत्र्याची पेटी. पेटी टेबलावर आदळून म्हणाली, "काय वो, चेहरा काहून पाडून बसली? तुया लॅपटॉप पुसला. आमची पेटी थोडीच पुसली?"

तिच्यामागून ऑटोतून आणखी पेट्या उतरल्या. पत्र्याच्या, स्टीलच्या, एक तर बिस्किटांच्या डब्याची. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांचं ओझं वाहिलेली आमची माणसं. स्वतःचे चार कागद काय हरवणार? मी तोंड फिरवून प्रिंटर पुसत राहिले, विनाकारण.

आणि काकाजी चौदा पायऱ्या मोजत उतरून बाकावर बसले. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. त्यांनी त्याची दखल घेतली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला "कोण?" विचारायचे, आणि कोणानंतर कोण ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसायचं. नंबर लावून आत पाठवायच्या आधी एक काम करायला लावायचे: कागद मोठ्यानं वाच. ज्याला वाचता येत नाही त्याचा शेजाऱ्याने वाचायचा. मला राग आला. गर्दीत हा कसला परीक्षेचा तास! पण तासाभरातच एक बाई सातबारा वाचताना थांबली. "अवो, हा गट नंबर आमचा नाई. हे त दिराचं वावर हाय." तोच सातबारा माझ्या पुसलेल्या फोल्डरात दोन वर्षं होता. मी त्यावर दोनदा फॉर्म भरला होता, आणि दोन्ही वेळा तो परत आला होता. मी ऑनलाइनवाल्यांना शिव्या घातल्या होत्या.

असे बरेच निघाले. त्या हंगामात माझ्या सेंटरचे फॉर्म परत येणं जवळपास थांबलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी माझा म्हातारा लॅपटॉप सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत एकदाही रुसला नाही. अंगठ्याचा ठसा घेणारं मशीन तेवढं त्यावर चाललं नाही, आजही चालत नाही. त्यासाठी मी माणसं समोरच्याकडे पाठवते, आणि तो किचकट कागदांची माणसं माझ्याकडे पाठवतो. हा सौदा मी ठरवला. चांगला ठरवला.

सेंटर वाचलं होतं. पण तक्रार तक्रारीच्या जागी होती. काकाजींशी मी कामापुरतं बोलायची, तेही तिरकं. ते "कोण?" म्हणाले की मी म्हणायची, "तुमची भाडेकरू. जिचं सारं पुसलं अन् तुमी पाहात बसले ते." ते हूं म्हणायचे.

उन्हाळ्यात त्यांची मुलगी नागपूरहून आली. त्यांना घेऊन जायला आली होती. माझ्याकडे दवाखान्याच्या कागदांचा एक गठ्ठा घेऊन आली. "स्कॅन करून द्या ताई, नव्या डॉक्टरांना पाठवायचे आहेत."

आता माझी सवय बदलली होती. मी कागद मोठ्यानं वाचायला लागले. काकाजींचं नाव. दोन्ही डोळे. काचबिंदू. बाजूची नजर गेलेली, मधली नळीएवढी शिल्लक. गेलेली नजर परत येणार नाही.

"हळू," मुलगी म्हणाली. "बाबा ऐकतील."

मी पहिल्या कागदावरची तारीख बघितली. मी गाळा घेतला त्याच्या आधीची होती.

माझ्या डोक्यात जिना उलटा चढायला लागला. चौदा पायऱ्या. न हलवायचा बाक. कोण ते बोलत या. चपलेचा आवाज. गाठ चाचपणारी बोटं. हात तुझे, डोळे तुझे, मोठ्यानं वाच. त्या रविवारी बाकाच्या टोकाला बसलेल्या माणसाला माझी स्क्रीन दिसतच नव्हती. त्यांचा डोळा म्हणजे माझं तोंड होतं, आणि ते मी बंद केलं होतं.

मी चौदा पायऱ्या न मोजता चढले. "मी हाय," ओरडले.

"ऐकू आलं. चप्पल नवी घेतलीस वाटतं."

"काकाजी, तुमी सांगतलं काहून नाई? इतके दिवस मी तुमाले बोलून राह्यली, रस्त्यावर बोलली, अन् तुमी ऐकून घेतलं! मालातली खोट लपवून सौदा करते का कोनी?"

त्यांनी सदऱ्याचं गळ्याशी असलेलं बटण चाचपलं. मग म्हणाले, "लाज वाटली, बाई. हातभर लांबून चूक पकडणारा परीक्षक मी. ज्याला दिसत नाही त्याच्याकडून कोण शिकणार? लॅपटॉप येणं बंद झालं असतं."

"मी आली असती."

"भाव पाडून आली असतीस."

खरं होतं. मी हसले, आणि मग रडले, आणि रडतानाही मला त्यांचा रागच येत होता. तो तेवढा अजून शिल्लक आहे. सगळाच कसा सोडू?

"तुमचा लॅपटॉप आना," मी म्हटलं.

त्यांच्या लॅपटॉपवर त्यांच्याच लिनक्सची जुनी आवृत्ती होती. नव्यात स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज होता, मराठी बोलणारा. मी तो इंटरनेटवर शोधून काढला होता, म्हणजे शोधायला फक्त जिना उतरण्याएवढा वेळ घेतला होता. गाडी कोपऱ्यावर उभी होती, मुलगी घड्याळ बघत होती. आम्ही बाकावर बसलो. मी पेनड्राइव्ह लावला, आवाज चालू केला. पत्र्यातून बोलल्यासारखा एक माणूस भराभरा बोलू लागला.

"फार घाईत आहे हा," काकाजी म्हणाले. "हळू कर."

"पन्नासवर हाय."

"तीस कर."

"तीसवर त म्हशीवानी बोलन जी. चाळीस."

"बत्तीस."

"अडतीस. त्याच्या खाली परवडत नाई."

"पस्तीस. आणि शेवटचं सांगतो."

मी माउस सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. "काकाजी, तुमी भाव करून राह्यले."

"मग? ऐकायचं मला आहे."

मी पस्तिसाला दिला. घेणाऱ्याच्या भावात दिलेली माझी पहिली वस्तू, आणि काटा काही रुतला नाही.

तो पडदा आला. पत्र्यातला माणूस पस्तिसाच्या चालीने बोलला: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं का?

काकाजी माझ्याकडे वळले. "यादी?"

"एक, पेन्शनचे कागद. दोन, लोकांचे लिहून देल्ले अर्ज. तीन, तुमच्या मुलीचे लहानपनचे फोटो."

"ते आता मला दिसत नाहीत. पण असू देत. दुसरीकडे ठेवलं?"

"दोन जागी. या खेपेले खरं."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला आणि माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले. "दाबा, काकाजी. हात तुमचे."

त्यांनी बोटं की-बोर्डवर ठेवली. परीक्षकाची बोटं ती. एका अक्षरावरचा बारीक उंचवटा त्यांना लागला, तिथून उजवी करंगळी सरकत गेली आणि एंटरवर जाऊन थांबली. दाबली नाही.

"मोठ्यानं वाच, बाई," ते म्हणाले.

मशीनने वाचलं होतं. तरी मी वाचलं, पहिल्या अक्षरापासून, लिलावात बोलतात तसं.